हिप-हॉप कुठल्या वस्तीचं? ब्राँक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी नववी-दहावीची मुलं जमतात. पुस्तकं उघडून ठेवलेली असतात आणि बाकावर ठेका धरलेला असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना रॅप करायचंय. हिप-हॉप आलं कुठून, हे मात्र त्यांना रील्समधून तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं असतं. त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि अधूनमधून आमच्याच कार्यकर्त्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जसे आले तसेच ठेवलेत.

हिप-हॉप म्हणजे रॅपच ना?

रॅप हा त्याचा एक भाग. जुनी माणसं चार अंगं सांगतात: तबकड्या वाजवणारा डीजे, माइकवर बोलणारा एमसी, जमिनीवर नाचणारे बी-बॉय आणि बी-गर्ल, आणि भिंतीवर-रेल्वेवर रंगाने नाव लिहिणारे ग्राफिटीवाले. सुरुवातीच्या काळात यांत सगळ्यात मोठा मान डीजेचा होता. एमसी त्याच्या बाजूला उभा राहून लोकांना उचकवायचा. पुढे रेकॉर्ड निघायला लागल्या तेव्हा आवाज विकता आला, नाच आणि भिंत विकता आली नाही. म्हणून रॅप पुढे आलं आणि बाकीचे मागे राहिले.

११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सगळीकडे दिसते. त्या दिवशी झालं काय?

एका मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते.

तिचं नाव सिंडी कॅम्पबेल. न्यूयॉर्कच्या वेस्ट ब्राँक्समध्ये १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या उंच इमारतीत तिचं कुटुंब राहायचं. इमारतीच्या तळमजल्यावर भाडेकरूंसाठी एक सामायिक खोली होती. आपल्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं, हळदीकुंकू, वाढदिवस होतात, तशी. सिंडीने ती खोली थोडक्या भाड्याने घेतली, छोट्या कार्डांवर हाताने निमंत्रणं लिहिली आणि वेळ टाकली रात्री नऊ ते पहाटे चार. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला घरचाच माणूस होता, तिचा भाऊ क्लाइव्ह. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. अंगाने धिप्पाड म्हणून पोरं त्याला हर्क्युलिस म्हणायची, त्याचं झालं कूल हर्क. साउंड सिस्टिम वडिलांची.

एवढंच. मोठी जाहिरात नाही, कुणी पाहुणा नाही. त्या रात्री कुणीही ‘आपण नवी संस्कृती सुरू करतोय’ असं म्हटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर एखादी संस्कृती एका रात्रीत जन्मत नाही. न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये ‘लास्ट पोएट्स’ हा कवींचा गट १९६८ पासून ढोलाच्या साथीने कविता म्हणत होता, डिस्को क्लबांत डीजे हॉलिवूडसारखे लोक गाण्यावर बोलत होते. तरीही ही तारीख मला पटते. कारण त्या रात्री एका इमारतीतल्या पोरांना कळलं की क्लबात आत घेत नसतील तर न घेवोत, खाली आपली खोली आहे.

हर्कने असं नवीन काय केलं? गाणी तर सगळेच लावतात.

तो लोकांचे पाय बघायचा. फंक, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं नाचायला लावणारं ठेक्याचं संगीत, त्याच्या गाण्यात मधेच एक जागा येते. गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि फक्त ढोल-ताशाचा, बेसचा तुकडा उरतो. त्याला ब्रेक म्हणतात. हर्कच्या लक्षात आलं, की काही पोरं संपूर्ण गाणंभर भिंतीला टेकून उभी राहतात आणि हा तुकडा आला की तुटून पडतात. पण तुकडा असतो काही सेकंदांचा.

मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर लावल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा पाच मिनिटं, दहा मिनिटं चालायला लागला. या युक्तीला त्याने नाव दिलं ‘मेरी-गो-राउंड’, म्हणजे जत्रेतला घोड्यांचा पाळणा. जेम्स ब्राउनची गाणी, ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ने वाजवलेलं ‘अपाची’, ही त्याची हुकमी हत्यारं. स्पर्धकांना नाव कळू नये म्हणून तो तबकडीवरचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचा.

हर्कच्या हातात सफाई नव्हती. दोन तबकड्यांचा ठेका जुळायचाच असं नाही. ती सफाई आणली ग्रँडमास्टर फ्लॅशने. त्याचं खरं नाव जोसेफ सॅडलर, जन्म बार्बाडोसचा, वाढला साउथ ब्राँक्समध्ये. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. टर्नटेबलवर तबकडीखाली रबराची चटई असायची, ती तबकडीला चिकटून राहायची आणि हाताने मागे-पुढे करता यायचं नाही. फ्लॅशची आई शिवणकाम करायची. त्याने फेल्टचं कापड गोल कापलं, त्यावर कपड्यांना मारतात ती खळ मारली आणि इस्त्री फिरवून ते ताठ केलं. आता खालची टर्नटेबलची चकती फिरत राहायची आणि वरची गाण्याची तबकडी बोटाने हवी तिथे थांबवता यायची. ब्रेक कुठून सुरू होतो हे चटकन दिसावं म्हणून त्याने तबकडीवर मेणाच्या खडूने खूण केली, आणि ती खूण घड्याळाच्या काट्यासारखी किती वेळा फिरते ते मोजायचा.

मुलं विचारतात, ‘सर, सुरुवात करायला कुठलं ॲप घेऊ?’ तेव्हा मी त्यांना ही फेल्टची गोष्ट सांगतो. आईच्या शिलाईच्या सामानातलं कापड, खळ, इस्त्री आणि खडू. आज बाजारात मिळणाऱ्या ‘स्लिपमॅट’चं कूळ हेच.

स्क्रॅचचा तो ‘खर्र-खर्र’ आवाज फ्लॅशच्याच ओळखीतल्या थिओडोर या मुलाचा. साधारण १९७५ ची गोष्ट. तो खोलीत मोठ्याने गाणी वाजवत होता, आई आवाज कमी कर म्हणून ओरडायला आली, त्याने तबकडी हाताने धरली आणि तिचं बोलणं ऐकता ऐकता हात मागे-पुढे होत राहिला. ती गेल्यावर त्याला तो आवाज आवडला.

पण हे ब्राँक्समध्येच का? न्यूयॉर्क तर केवढं मोठं आहे.

या प्रश्नाला वेळ द्यायला हवा.

ब्राँक्स म्हणजे न्यूयॉर्कच्या पाच भागांपैकी सगळ्यात उत्तरेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ज्यू, आयरिश, इटालियन कामगारवर्गाच्या घट्ट वस्त्या होत्या, आणि पोर्तो रिकोहून, अमेरिकेच्या दक्षिणेतून, कॅरिबियन बेटांवरून लोक येत होते. १९४८ साली क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवेचं काम सुरू झालं. शहराची बांधकामं हातात असलेला रॉबर्ट मोझेस याने हा सुमारे साडेसहा मैलांचा महामार्ग गजबजलेल्या वस्तीच्या पोटातून काढला. ईस्ट ट्रेमाँट या भागात तर एका मैलासाठी सुमारे दीड हजार कुटुंबं उठवली. लोकांनी थोडं दक्षिणेला, उद्यानाच्या कडेने दुसरा मार्ग सुचवला होता. त्यात कितीतरी कमी घरं गेली असती. मोझेस हटला नाही. मुंबईत, पुण्यात, नागपुरात ज्यांनी रस्त्याच्या रेषेखाली आपलं घर आलेलं पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रस्ता झाला, आणि ज्यांना शक्य होतं ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिलेल्यांच्या भागावर बँकांनी नकाशात लाल रेघ मारलेली होती. घरदुरुस्तीला कर्ज मिळेना. इमारतीतून भाडं निघेना, तेव्हा काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी आपल्याच इमारती पेटवून द्यायला माणसं लावली. सगळ्याच आगी मालकांनी लावल्या असं नाही, जुनी वायरिंग होती, बेवारस इमारती होत्या. पण त्याच काळात, १९७२ नंतर, शहराने खर्च कमी करायला अग्निशमन दलाच्या काही तुकड्या बंद केल्या, आणि त्यासुद्धा जिथे आगी जास्त लागत त्याच भागांतल्या. १९७५ ला न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेलं, आणखी कात्री लागली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर १९७६ साली उघडपणे मांडलं, की अशा भागांतल्या सेवा काढून घ्याव्यात म्हणजे लोक आपोआप कमी होतील.

१९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या सात जनगणना-विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत आणि पडझडीत गमावल्या. शंभरातल्या तीनसुद्धा उरल्या नाहीत. ब्राँक्सची लोकसंख्या १४ लाख ७० हजारांच्या आसपास होती, ती ११ लाख ७० हजारांवर आली. ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लोट स्ट्रीटवर विटांच्या ढिगाऱ्यात उभे राहिले, तो फोटो जगभर गेला. त्या फोटोमुळे साउथ ब्राँक्स म्हणजे ओसाड जागा, असं जगाचं मत झालं. ओसाड ती कधीच नव्हती. लाखो माणसं तिथे राहत होती, मुलं शाळेत जात होती, आणि फोटो निघाला तेव्हा हर्कच्या त्या पार्टीला चार वर्षं होऊन गेली होती.

म्हणजे गरिबीतूनच कला जन्माला येते, असंच ना?

नाही. हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. भाषणात ते छान वाटतं, म्हणून लोक म्हणतात.

गरिबीने काय केलं ते वरच्या उत्तरात आहे: घरं जाळली, माणसं पांगवली, शाळांतले संगीत-कला शिक्षक कमी केले. कलेला जन्म दिला तो वस्तीत जे टिकून होतं त्याने. सेजविक अॅव्हेन्यूची सामायिक खोली टिकून होती. सीडर पार्कसारखी मैदानं होती. ब्राँक्स रिव्हर हाउसेस या सरकारी वसाहतीत समाजकेंद्र होतं, तिथे आफ्रिका बंबाटा या डीजेच्या पार्ट्या व्हायच्या. घराघरांत आईवडिलांच्या तबकड्या होत्या, जमैकाहून, पोर्तो रिकोहून, कॅरोलायनाहून आलेल्या. शेजारीपाजारी रात्री उशिरापर्यंतचा आवाज सहन करत होते.

ही खोली नसती तर सिंडीने पार्टी कुठे केली असती? आमच्या चाळीच्या पुनर्विकासात व्यायामशाळेची खोली आराखड्यातून गेली. ‘पार्किंगला जागा कमी पडते’ असं सांगितलं गेलं. त्या खोलीत मंडळाचा ढोल असायचा, कॅरम असायचा, मे महिन्यात नाटकाच्या तालमी व्हायच्या. आता टॉवरला लॉबी आहे, तिच्यात बसता येत नाही. १९७३ ची ही गोष्ट मी मुलांना सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खोली असते.

आधी तिथे गँग होत्या म्हणतात. मग पोरं नाचायला कशी लागली?

होत्या, आणि भयंकर होत्या. ब्लॅक स्पेड्स, सॅव्हेज स्कल्स, घेटो ब्रदर्स, अशी कितीतरी नावं. प्रत्येकाच्या जाकिटाच्या पाठीवर खूण असायची आणि दुसऱ्याच्या गल्लीतून ते जाकीट घालून जाणं म्हणजे मार खाणं.

घेटो ब्रदर्स ही मुख्यतः पोर्तो रिकन मुलांची टोळी. त्यांचा स्वतःचा बँडही होता, तो बीटल्सच्या धाटणीत लॅटिन ठेका मिसळून वाजवायचा. त्यांनी कॉर्नेल बेंजामिन या तरुणाला शांततेची जबाबदारी दिली होती, सगळे त्याला ब्लॅक बेंजी म्हणत. २ डिसेंबर १९७१ रोजी दोन टोळ्यांत मध्यस्थी करायला गेलेल्या बेंजीलाच मारून टाकलं. साऱ्या ब्राँक्सने गृहीत धरलं होतं, की आता रक्तपात होणार. शेकडो पोरं घेटो ब्रदर्सच्या शब्दाची वाट बघत होती. बेंजीच्या आईने बदला नको म्हणून सांगितलं. टोळीचा प्रमुखही बेंजीच, पण हा बेंजी मेलेंडेझ; त्याने तिचं ऐकलं. ८ डिसेंबरला होव अॅव्हेन्यूच्या बॉइज क्लबमध्ये टोळ्यांची बैठक झाली आणि तह ठरला.

तह काही कायमचा टिकला नाही, भांडणं पूर्ण थांबलीही नाहीत. पण गल्ल्यांच्या सीमा सैल झाल्या. घेटो ब्रदर्सच्या गाण्याच्या कार्यक्रमांना दुसऱ्या भागांतली पोरं यायला लागली. दोन वर्षांपूर्वी ज्या पोराला हर्कच्या पार्टीला पोहोचायला तीन टोळ्यांचा मुलूख ओलांडावा लागला असता, तो आता चालत जाऊ शकत होता. ब्लॅक बेंजीच्या आईचं नाव हिप-हॉपच्या यादीत कुणी घेत नाही. माझ्या यादीत ती सिंडीच्याही आधी येते.

टोळीची सवय मात्र गेली नाही. तिने कपडे बदलले. गँगच्या जागी क्रू आला. ईर्षा तीच, आपल्या ब्लॉकचं नाव राखायचं तेही तेच, फक्त आता हरलेला पोरगा घरी जिवंत जायचा.

मैदानात एवढ्या मोठ्या स्पीकरना वीज कुठून मिळायची?

आकडा टाकून. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाच्या बुंध्याशी झाकण असतं, ते उघडून तार जोडायची. मंडपाला वीज कशी येते हे ज्याने लहानपणी पाहिलंय त्याला हसू येईल, पण हे धोक्याचं काम आहे आणि इथे कुणी त्याचा प्रयोग करू नये.

हर्क जमैकाचा. मग हिप-हॉप मूळचं जमैकाचंच नाही का?

थोडं आहे, पुरतं नाही. हर्कचा जन्म किंगस्टनचा, १९५५ चा. बाराव्या वर्षी तो ब्राँक्सला आला. किंगस्टनमध्ये गल्लीत भलेमोठे स्पीकर लावून नाच चालायचा आणि माइकवरचा माणूस गाण्यावर बोलायचा, त्याला ‘टोस्टिंग’ म्हणत. आवाज छातीत घुमला पाहिजे, ही समज हर्क तिथून घेऊन आला असणार. पण ब्राँक्समध्ये त्याने रेगे हे जमैकाचं संगीत लावलं तेव्हा पोरं जागची हलली नाहीत. त्यांना फंक हवं होतं. तो फंककडे वळला. टोस्टिंगमधून रॅप आलं, हे तर त्याने स्वतःच एका मुलाखतीत नाकारलं आहे. माइकवर बोलण्याचं काम त्याचा मित्र कोक ला रॉक करायचा, आणि सुरुवातीला तो बोलायचा म्हणजे आलेल्या मित्रांची नावं घ्यायचा. माझ्या मते मुळाशी हेच आहे. आपलं नाव मोठ्या स्पीकरमधून सगळ्यांसमोर ऐकू येणं. पुकारा झाला की माणूस ताठ होतो.

दुसऱ्याच्या भिंतीवर नाव लिहिणं ही कला कशी? घाणच ती.

हा प्रश्न एका आजोबांचा, आणि त्यांची चीड खोटी नाही. ज्याची भिंत आहे त्याला त्रास होतोच.

पण ते काय लिहीत होते ते बघा. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समधला एक ग्रीक मुलगा निरोप पोहोचवण्याची कामं करता करता शहरभर ‘टाकी १८३’ लिहीत सुटला. टाकी त्याचं टोपणनाव, १८३ त्याच्या रस्त्याचा क्रमांक. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि शेकडो पोरं लिहायला लागली. फिलाडेल्फियात हा प्रकार त्याच्याही आधीपासून होता. नाव आणि गल्लीचा आकडा, म्हणजे मी आहे आणि मी इथला आहे. आपल्या ट्रेनचा डबा शहरभर फिरून संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यावर आपलं नाव असतं, आणि ज्या भागात आपल्याला कुणी उभं करत नाही तिथेही ते जाऊन आलेलं असतं. शहराने पुढे डबे धुण्यावर प्रचंड खर्च केला आणि १९८९ मध्ये मेट्रो रंगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तोवर ती अक्षरं जगभरच्या भिंतींवर पोहोचली होती.

यात मुली कुठे होत्या?

पहिल्या रात्रीपासून. पार्टी सिंडीची होती, कल्पना, पैसा आणि मेहनतही तिची. शा-रॉक ही एमसी ‘फंकी फोर प्लस वन’मध्ये होती, त्यातली ‘प्लस वन’ म्हणजे तीच. १९८१ मध्ये हा गट अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झळकला. ‘मर्सिडीज लेडीज’ हा तर सगळाच मुलींचा गट. शुगरहिल रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी चालवणारी सिल्व्हिया रॉबिन्सन हीसुद्धा बाईच. पहिल्या पिढीचं बोलताना हर्क, फ्लॅश, बंबाटा अशी तीन पुरुषांची नावं घेऊन थांबायची सवय आपण सोडली पाहिजे.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ‘ब्रेकडान्स’ केला होता. तो हाच का?

त्याचंच लांबचं भावंड. ऐंशीच्या दशकात सिनेमा आणि व्हिडिओ कॅसेटमधून तो आपल्याकडे आला आणि गॅदरिंगमध्ये हातातून लाट काढणारा एक तरी मुलगा असायचाच. मूळ नाव ब्रेकिंग. बी-बॉयमधला ‘बी’ म्हणजे ब्रेक, गाण्यातला तोच तुकडा. सुरुवात काळ्या मुलांनी केली, आणि ती कंटाळून सोडायला लागली तेव्हा पोर्तो रिकन मुलांनी तो उचलून धरला. ‘रॉक स्टेडी क्रू’ १९७७ चा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगची स्पर्धा झाली, २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ती नाही.

पहिली गाजलेली रॅप रेकॉर्ड तर ब्राँक्सची नव्हती. हे खरं?

खरं, आणि त्यामागची गोष्ट जिव्हारी लागणारी आहे. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ आलं. ते निघालं न्यू जर्सीतल्या एंगलवूडहून. सिल्व्हिया रॉबिन्सनने तीन मुलं शोधून गट बनवला. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीचं व्यवस्थापन बघायचा. गाणं म्हणायची संधी आली तेव्हा त्याने कॅझकडून त्याची कवितांची वही घेतली.

रेकॉर्डवर हँक एका जागी आपलं नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगतो. ती अक्षरं जुळवली की होतं ‘कॅसानोव्हा फ्लाय’. हे नाव हँकचं नव्हे, कॅझचं आहे. दुसऱ्याच्या वहीतलं जसंच्या तसं म्हणताना नाव बदलायचंही राहून गेलं. लाखो प्रती खपल्या. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसे.

ब्राँक्सच्या लोकांना आपलं घर कुणीतरी बाहेरून चित्र काढून विकल्यासारखं वाटलं. फ्लॅशच्या गटाचं १९८२ चं ‘द मेसेज’ आलं तेव्हा मात्र रस्त्यावरच्या काचा, जिन्यातली घाण आणि फोन करणारे वसुलीवाले गाण्यात शिरले. मुलांना सुरुवात करायची असेल तर ही दोन लागोपाठ ऐकावीत. पहिल्यात पार्टी आहे, दुसऱ्यात त्याच पोरांची सकाळ.

ही सगळी मंडळी आदर्शच होती का?

नव्हती. बंबाटाने ब्लॅक स्पेड्समधल्या पोरांना ‘झुलू नेशन’ या आपल्या संघटनेत आणलं, भांडणाऐवजी संगीताकडे वळवलं, हे इतिहासात आहे. २०१६ पासून अनेकांनी पुढे येऊन लहानपणी त्याने आपलं लैंगिक शोषण केल्याचे आरोप केले, हेही त्याच इतिहासात आहे. त्याने आरोप नाकारले. मुलांना हे सांगू की नको, असं एका ताईंनी विचारलं होतं. सांगा. मुलांच्या चळवळीत मोठ्यांवर आंधळा विश्वास ठेवला की काय होऊ शकतं, हे मुलांना कळायला हवं.

पोवाडा म्हणजे आपला मराठी रॅपच, असं म्हटलं तर?

टाळ्या मिळतील, पण दोन्हींवर अन्याय होईल. ब्राँक्सच्या पोरांनी पोवाडा ऐकलेला नव्हता आणि आपल्या शाहिरांना ब्राँक्स माहीत नव्हतं. रक्ताचं नातं नाही. स्वभाव मात्र जुळतो. कलगी-तुऱ्यात एक बाजू शक्तीची, एक शिवाची, आणि समोरच्याच्या कवनाला जागच्या जागी कवनाने उत्तर. कोकणातले चाकरमानी मुंबईच्या सभागृहांत आजही शक्ती-तुऱ्याचे सामने भरवतात. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात कूल मो डी या एमसीने बिझी बी या दुसऱ्या एमसीला माइकवर धुतलं, तो प्रसंग ऐकताना मला शाहिरांचा सामनाच आठवतो.

खरा धागा शोधायचा असेल तर तो त्याच वर्षांत सापडतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं होतं अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. त्या तरुणांनीही वस्तीची भाषा, शिव्यांसकट, कवितेत आणली आणि साहित्याला तिची दखल घ्यायला लावली.

आणि गल्लीचं म्हणाल, तर २०१५ मध्ये अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरनी आपल्या गल्लीवर गाणं केलं. नेझीने आधीचं काम आयपॅडवर रेकॉर्ड केलं होतं, फ्लॅशच्या फेल्टसारखंच. धारावीचे ‘डोपाडेलिक्स’ हिंदी-तमिळ-मराठी एकाच गाण्यात आणतात, कारण त्यांच्या गल्लीत ती तशीच बोलली जाते. ‘स्वदेशी’ या गटाचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये याच गटाने आरेच्या जंगलासाठी वारली आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत गाणं केलं. धारावीला लागूनच माटुंग्याचा लेबर कॅम्प आहे. अण्णाभाऊ साठे तिथे राहिले, आणि चाळीसच्या दशकात लाल बावटा कलापथकातून गिरणी कामगारांसमोर उभे राहून गायले. आजच्या पोरांनी हे मुद्दाम शिकलेलं असेलच असं नाही. पण ती ज्या नाक्यावर उभी राहून रॅप करतात, तिथून तो कॅम्प चालत जाण्याइतका जवळ आहे.

माझा मुलगा दिवसभर रॅप लिहितो, त्यात शिव्याही असतात. काय करू?

वही वाचायला मागा, जप्त करू नका. शिवी कुठे आली आहे ते बघा. राग खरा असेल तर त्याला विचारा, कशाचा राग आहे. यमकासाठी आली असेल तर त्यालाच सांगा की दुसरा शब्द शोध, तो शोधेल. आणि वही जपून ठेवायला सांगा. कॅझची आठवण करून द्या.

ती इमारत अजून आहे का? बघता येईल?

आहे. क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवेच्या अगदी जवळ, हार्लेम नदीच्या काठाला. ज्या रस्त्याने वस्ती तोडली, त्याच्याच आवाजात ती उभी आहे. २००७ मध्ये राज्य सरकारने हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून तिला मान्यता दिली. त्याच सुमारास मालकाने परवडणाऱ्या भाड्याच्या सरकारी योजनेतून बाहेर पडून ती विकायचं ठरवलं. म्हणजे भाडी वाढणार आणि जुनी कुटुंबं जाणार. भाडेकरू एकत्र आले, बैठका घेतल्या, कूल हर्क स्वतः त्यांच्या बाजूने उभा राहिला. इमारत तरीही गुंतवणूकदारांकडे गेली, देखभाल ढासळली, आणि काही वर्षांच्या झगड्यानंतर शहराच्या मदतीने ती पुन्हा परवडणारी घरं सांभाळणाऱ्यांच्या हाती आली. २०१६ मध्ये त्या रस्त्याला ‘हिप-हॉप बुलेव्हार्ड’ हे मानाचं नाव मिळालं.

कुणी न्यूयॉर्कला गेलात तर बाहेरून जरूर बघा. आत सुमारे शंभर कुटुंबं राहतात, त्यांचं ते घर आहे, तेव्हा दारात घोळका करू नका. दार उघडून कुणी बाहेर आलं तर त्यांना आधी वाट द्या.